क्विंटल, हेक्टर, सातबारा

गोंदिया जिल्ह्यातल्या धान उत्पादकाच्या खात्यात सरकारी पैसा तीन मापांनी येतो. हमीभावाच्या आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकले की चुकारा मिळतो तो क्विंटलवर. ज्याला गावात सरसकट ‘बोनस’ म्हणतात आणि शासन निर्णयात ‘प्रोत्साहनपर राशी’, ती आता मिळते हेक्टरवर. आणि पीएम किसान व नमो शेतकरी या दोन योजनांचे हप्ते येतात कुटुंबावर. मग जमीन एक एकर असो की दहा. माप कोणते घ्यायचे हा कारकुनी प्रश्न वाटतो. पण गेल्या दहा-बारा वर्षांत या जिल्ह्यात कोणाच्या हाती किती पडले, हे जाहीर झालेल्या रकमेपेक्षा त्या रकमेच्या मापानेच जास्त ठरवले आहे.

गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा जिल्हा. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. उत्तरेला मध्य प्रदेशचा बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. अनुदानाच्या हिशेबात या दोन सीमांचे महत्त्व फार मोठे आहे. शेतीचे म्हणाल तर खरिपात धान, आणि जिथे पाणी आहे तिथे उन्हाळ्यातही धान. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि मालगुजारीच्या काळातले ‘मामा’ (माजी मालगुजारी) तलाव यांवर इथली जुनी शेती उभी आहे. नवेगावबांध हे त्यातले सर्वांत नावाजलेले नाव. पुढे गाढवी नदीवर इटियाडोह, बाघ प्रकल्पात शिरपूर, पुजारीटोला आणि कालीसरार ही धरणे झाली. वैनगंगेवर धापेवाडा उपसा सिंचन योजना आली. तरीही सालेकसा, देवरीच्या जंगलपट्टीतल्या बहुतेक बांध्या (धानाची शेते) पावसाच्याच भरवशावर असतात. हलके धान ऑक्टोबरात, भारी धान नोव्हेंबरात कापणीला येते, आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस कापून शेतात पडलेल्या कडपा भिजवून जातो.

धानाचे दोन वर्ग बाजाराने पाडले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेले एचएमटी किंवा श्रीरामसारखे बारीक धान व्यापारी हमीभावाहून चढ्या दराने घेतात. ते केंद्रावर फारसे येत नाही. केंद्रावर येते ते ठोकळ धान. उत्पादनाला बरे, भावाला पडके. म्हणून हमीभाव, चुकारे, बोनस ही सारी चर्चा मुख्यतः ठोकळ धानाची आणि ते पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्याची आहे.

हमीभावाची व्यवस्था १९६५ पासूनची. त्या वर्षी कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ, दोन्ही स्थापन झाली. केंद्र सरकार भाव जाहीर करते, राज्यातल्या संस्था त्या भावाने माल उचलतात. गोंदियात हे काम दोघांकडे वाटले आहे. बिगर-आदिवासी भागात महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ जिल्हा पणन अधिकाऱ्यामार्फत खरेदी करतो. आदिवासी भागात नाशिकला मुख्यालय असलेले महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ. प्रत्यक्ष काटा मात्र या दोघांपैकी कोणीच धरत नाही. तो धरते गावातली सेवा सहकारी संस्था, खरेदी-विक्री संघ किंवा आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था. त्यांना कमिशन मिळते आणि गोदामात पडून राहिलेल्या धानाची जबाबदारीही त्यांचीच असते.

साधारण धानाचा हमीभाव २०१७-१८ मध्ये क्विंटलला १,५५० रुपये होता. उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव देण्याचे धोरण केंद्राने स्वीकारल्यावर २०१८-१९ मध्ये तो एकदम १,७५० झाला. खर्च कोणता धरायचा यावरचा वाद अजून मिटलेला नाही. आयोग धरतो तो प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड त्यात येत नाही. पुढे २०२०-२१ ला १,८६८, २०२३-२४ ला २,१८३, २०२४-२५ ला २,३०० आणि २०२५-२६ ला २,३६९ असा भाव चढत गेला. ‘अ’ दर्जाला त्यावर २० रुपये जास्त.

हा भाव मिळवण्यासाठी शेतकऱ्याला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबारा, नमुना आठ-अ, आधार, बँक पासबुक आणि सातबाऱ्यावर धानाची पीक नोंद. ती नोंद आता तलाठी घेत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून बांधीत उभे राहून करायची असते. अर्जुनी मोरगाव किंवा देवरीच्या आतल्या गावात मोबाइलला रेंज नसली की पीक उभे असूनही कागदावर शेत पडीक राहते. नोंदणी पार पडली की जिल्ह्याच्या सरासरी उताऱ्यावरून ठरलेल्या मर्यादेइतके धान त्या सातबाऱ्यावर विकता येते. मर्यादा दर हंगामाला ठरते आणि ती कमी धरली गेल्याची तक्रारही दर हंगामाला होते.

केंद्रावरचा एक दिवस पाहिला तर हमीभाव आणि हाती येणारा भाव यांतला फरक डोळ्यांना दिसतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, गोदामाच्या अंगणात टाकलेले ढीग, ग्रेडरच्या हातात ओलावा मोजायचे यंत्र. ओलावा १७ टक्क्यांच्या आत हवा; १८ निघाला की धान तिथेच ताडपत्रीवर वाळत घालायचे किंवा घरी न्यायचे. मग चाळणी, मग पोते भरणे. एका कट्ट्यात ४० किलो धान जाते. बारदान्याचे वजन वजा करून जे भरायचे त्याहून किलो-दीड किलो जास्त घेतले जाते, ही तक्रार इतकी जुनी आहे की अनेक जण ती तक्रार म्हणून सांगतही नाहीत, रीत म्हणून सांगतात. संस्थेचे म्हणणे वेगळे असते. धान गोदामात महिनोन्महिने पडून राहते, सुकते, उंदीर खातात. शासन मान्य करते त्याहून घट जास्त येते आणि ती आली की वसुली संस्थेकडून होते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. घटीचा खर्च सरकारने पुरता उचलला नाही म्हणून तो खाली सरकत सरकत कट्ट्यामागच्या किलोभर धानापर्यंत येऊन थांबला आहे. त्याच्या आडून गोदामातले धानच गायब होण्याचे आणि कागदावरच खरेदी झाल्याचे प्रकारही पूर्व विदर्भात उघडकीस आले, गुन्हे नोंदले गेले, संस्था काळ्या यादीत गेल्या.

धान उचलल्यावर ते भरडाईला गिरण्यांकडे जाते. गोंदिया शहराची ओळखच राइस मिलांची. एक क्विंटल धानामागे गिरणीने ६७ किलो तांदूळ शासनाला परत करायचा, असे केंद्राचे प्रमाण आहे. गिरणीवाले म्हणतात, एवढा उतारा सगळ्या धानात बसत नाही, तुकडा जास्त पडतो. म्हणून भरडाईच्या दरात राज्याने भर घालावी. त्या दरावरून वाद पेटला की गिरण्या धान उचलत नाहीत, गोदामे भरलेली राहतात, उन्हाळी धान ठेवायला जागा उरत नाही, केंद्रे उशिरा सुरू होतात आणि गरजू शेतकरी तोवर व्यापाऱ्याकडे जातो. भरडलेला तांदूळ विकेंद्रित खरेदी योजनेखाली राज्यातच रेशन दुकानांत येतो. ज्या घराने धान केंद्रावर दिले त्याच घरात रेशनचा तांदूळही येतो. जानेवारी २०२३ पासून तो फुकट आहे. लहान शेतकऱ्याने घरी खायला किती ठेवायचे आणि किती विकायचे या हिशेबात त्यामुळे फरक पडला. विकण्याकडे कल वाढला.

आता बोनस. हमीभाव केंद्राचा, बोनस राज्याचा. राज्याने २०१३-१४ मध्ये क्विंटलला २०० रुपये दिले, पुढच्या वर्षी २५०, मग तीन वर्षे पुन्हा २००. या मधल्या काळात, जून २०१४ मध्ये, केंद्राने राज्यांना बजावले होते की हमीभावावर बोनस देणाऱ्या राज्यांकडून रेशनच्या गरजेपेक्षा जास्तीचा तांदूळ केंद्रीय साठ्यात घेतला जाणार नाही. छत्तीसगडसारख्या मोठी खरेदी करणाऱ्या राज्याला या पत्राने अडचणीत आणले. महाराष्ट्राची खरेदी त्याच्या रेशनच्या गरजेच्या आतच राहत असल्याने इथला बोनस चालू राहिला.

२०१७ चा खरीप तुडतुड्याने खाल्ला. पूर्व विदर्भात उभे धान वाळून गेले, कित्येकांनी कापणी न करता बांध्या पेटवून दिल्या. त्याच वर्षी डिसेंबरात भंडारा-गोंदियाचे खासदार नाना पटोले यांनी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर सरकारशी बिनसल्याचे सांगत लोकसभेचा राजीनामा दिला. मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत ही जागा सत्ताधारी भाजपने गमावली. पुढच्या हंगामात, २०१८-१९ ला, बोनस २०० वरून ५०० झाला. २०१९-२० मध्ये सरकार बदलले आणि ५०० वर आणखी २०० ची भर पडून तो ७०० झाला. २०२०-२१ लाही ७०० राहिला. मर्यादा एका शेतकऱ्याला ५० क्विंटलची, म्हणजे जास्तीत जास्त ३५ हजार रुपये.

बोनसचा मुहूर्त ठरलेला असतो. धानाची कापणी आटोपून केंद्रांवर गर्दी सुरू होते तेव्हाच डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. मोर्चे निघतात, पूर्व विदर्भातले आमदार पायऱ्यांवर धानाच्या पेंढ्या घेऊन उभे राहतात, आणि अधिवेशन संपता संपता घोषणा होते. घोषणेनंतर शासन निर्णय, मग निधीची तरतूद, मग याद्यांची तपासणी. रक्कम खात्यावर येईपर्यंत पुढच्या हंगामाचे पऱ्हे (रोपे) टाकायची वेळ आलेली असते. म्हणजे जो निर्णय पेरणीआधी कळला असता तर शेतकऱ्याने काय पेरावे यावर परिणाम झाला असता, तो पीक निघाल्यावर होतो. बोनसने धानाचे उत्पादन वाढते, हा दावा म्हणूनच फारसा टिकत नाही. तो झालेल्या पिकाला मिळालेला दिलासा असतो.

क्विंटलवरच्या बोनसचा मोठा दोष सीमेने उघड केला. २०२०-२१ मध्ये गोंदियात हमीभाव आणि बोनस मिळून २,५६८ रुपये पडत होते. बालाघाटकडे तेव्हा हमीभावच, म्हणजे १,८६८. क्विंटलमागे ७०० रुपयांचा फरक आणि मधे एक नदी. व्यापारी पलीकडचे धान आणायचा, गावातल्या एखाद्याचा सातबारा वापरून ते केंद्रावर घालायचा आणि सातबारावाल्याला थोडे पैसे देऊन बोनस खिशात टाकायचा. छत्तीसगडच्या बाजूला उलटे चित्र होते. तिथे २०१८-१९ पासून सरकारने क्विंटलला २,५०० चा दर दिला; केंद्राच्या निर्बंधातून वाट काढत मे २०२० पासून राजीव गांधी किसान न्याय योजनेतून फरकाची रक्कम वेगळी देऊ लागले. त्यामुळे दर हिवाळ्यात तिकडच्या प्रशासनाला शेजारच्या राज्यांतून येणारे धान अडवायला नाके बसवावे लागतात. धान पाण्यासारखे असते. फक्त भाव जिकडे चढा, तिकडे वाहते.

२०२१-२२ मध्ये महाराष्ट्राने बोनस दिलाच नाही. क्विंटलवरचा बोनस खऱ्या शेतकऱ्याला न मिळता व्यापाऱ्यांकडे जातो, त्याऐवजी क्षेत्रावर मदत देण्याचा विचार करू, अशी भूमिका तत्कालीन सरकारने मांडली. कारण खरे होते, पण त्या वर्षी ना जुनी पद्धत राहिली ना नवी आली. हमीभाव ७२ रुपयांनी वाढून १,९४० झाला आणि हाती येणारा दर २,५६८ वरून तिथवर घसरला. क्विंटलमागे ६२८ रुपयांचा खड्डा. जिल्ह्यात पुढचे वर्षभर दुसरा विषय नव्हता.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात एकनाथ शिंदे सरकारने हेक्टरी १५ हजार रुपये जाहीर केले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पुढच्या वर्षी, २०२३-२४ ला, हेक्टरी २० हजार. २०२४-२५ लाही तेच. अट इतकीच की शेतकऱ्याची हंगामासाठी नोंदणी झालेली असावी आणि धानाचे क्षेत्र नोंदीत दिसावे. धान केंद्रावर विकलेच पाहिजे असे नाही. परराज्यातल्या धानाला यात जागाच उरली नाही, कारण पैसा पोत्याला नसून जमिनीला आहे.

या बदलात कोणाचे काय झाले, हे आकडेमोड केल्यावर नीट कळते. २० हजारांना ७०० ने भागले तर साडेअठ्ठावीस क्विंटल येतात. म्हणजे जो शेतकरी हेक्टरमागे साडेअठ्ठावीस क्विंटलपेक्षा कमी धान केंद्रावर घालत होता, त्याला हेक्टरचे माप फायद्याचे पडले. जो त्याहून जास्त घालत होता, त्याला तोट्याचे. सालेकसातला अर्ध्या हेक्टरचा शेतकरी घ्या. त्याला १५ क्विंटल धान झाले, पाच घरी खायला ठेवले, दहा केंद्रावर दिले. जुन्या मापाने त्याला ७ हजार मिळायचे, नव्या मापाने १० हजार मिळतात. दुसरीकडे तिरोड्यातला कालव्याखालचा शेतकरी एका हेक्टरात ४५ क्विंटल काढून ४० विकत असेल तर जुन्या मापाने २८ हजार, नव्याने २० हजार. कोरडवाहू, लहान आणि घरी खाणाऱ्या शेतकऱ्याकडे पैसा सरकला. सरकारने असा हेतू कधी बोलून दाखवला नाही. व्यापाऱ्याला रोखायला माप बदलले आणि लाभ आपोआप खाली झुकला. बारीक धान लावून व्यापाऱ्याला विकणाराही नोंदणी केली तर यात बसतो, जो आधी कधीच बसत नव्हता.

शेजारच्या राज्याशी तुलना मात्र थांबत नाही. छत्तीसगडमध्ये २०२३ च्या निवडणुकीनंतर आलेल्या भाजप सरकारने एकरी २१ क्विंटलपर्यंत ३,१०० चा दर दिला. २०२४-२५ च्या २,३०० हमीभावाशी गोंदियाचे २० हजार जोडले, तर हेक्टरी २५ क्विंटल विकणाऱ्याला क्विंटलमागे ८०० पडतात आणि त्याचा दर बरोबर ३,१०० होतो. ४० क्विंटल विकणाऱ्याला २,८०० च पडतात. त्यामुळे ‘छत्तीसगडएवढा भाव द्या’ ही मागणी चांगल्या सिंचनाच्या पट्ट्यातून जास्त जोराने येते. मध्य प्रदेशानेही २०२४ च्या खरिपासाठी धानाला हेक्टरी ४ हजार देऊन क्षेत्राचेच माप धरले, रक्कम मात्र तुटपुंजी.

भाव वाढवून मदत करायची की जमिनीमागे पैसे द्यायचे, हा प्रश्न गोंदियापुरता नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत भावावाटे दिलेल्या मदतीला पिकाच्या मूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. भारताची तांदळाची मदत २०१८-१९ मध्ये ती ओलांडून गेली आणि २०१३ च्या बाली परिषदेत ठरलेल्या सवलतीचा आधार घ्यावा लागला. पीक कोणते हे न विचारता दिलेल्या पैशाला ते नियम सैल आहेत. तेलंगणाने मे २०१८ मध्ये रयतू बंधू योजनेत एकरी ४ हजार रुपये हंगामाला देऊन असा मार्ग दाखवला आणि त्यानंतर काही महिन्यांतच केंद्राची योजना आली.

ती म्हणजे पीएम किसान. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली, लागू धरली १ डिसेंबर २०१८ पासून. वर्षाला ६ हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. लोकसभा निवडणुकीनंतर सर्व जमीनधारकांना खुली झाली. प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकर, दहा हजार किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे वगळले. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना सवलत. महाराष्ट्राने मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून आणखी ६ हजार जोडले. त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीतून वितरित झाला. यादी पीएम किसानचीच, त्यामुळे एका यादीतून नाव गळले की दुसरीतूनही गळते.

माप कुटुंबाचे असल्याने इथे हिशेब पूर्ण उलटा होतो. एका एकराच्या कुटुंबाला दोन्ही योजनांचे १२ हजार म्हणजे हेक्टरी ३० हजार पडतात. दहा एकरांच्या कुटुंबाला हेक्टरी ३ हजार. बोनस जोडला तर एका एकरवाल्याचे वर्षाचे साधारण २० हजार होतात, पाच एकरवाल्याचे ५२ हजार. गोंदियात सरासरी धारणा लहान असल्याने घरखर्चाला हे हप्ते फार धरून असतात. एप्रिल-जुलैचा हप्ता रोवणीच्या आधी आला तर मजुरीला, उशिरा आला तर उधारी फेडायला.

अडचण पैशाची कमी, नोंदीची जास्त. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेणाऱ्याला पीएम किसानमध्ये जागा नाही. वारसाला आहे, पण वारसाची फेरफार नोंद झालेली हवी. बाप जाऊन दहा वर्षे झाली तरी सातबारा त्याच्याच नावावर, आणि खाली चार भाऊ व दोन बहिणी, असे खाते जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सापडते. मग ई-केवायसी, आधारला बँक खाते जोडलेले असणे, जमिनीची नोंद पोर्टलवर जुळणे, या तिन्ही गाठी सुटल्याशिवाय हप्ता सुटत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. सेवा केंद्रावरचा मुलगा डोळ्याचे यंत्र मागवायला सांगतो, आणि ते तालुक्याला असते.

नोंदीच्या बाहेर राहणारा सर्वांत मोठा गट ठेक्याने किंवा अधियाने (वाट्याने) शेती करणाऱ्यांचा. नोकरीला बाहेर गेलेल्यांची, म्हाताऱ्यांची, विधवांची जमीन गावातलाच कोणी भूमिहीन किंवा अल्पभूधारक करतो. करार तोंडी. विदर्भासाठीचा १९५८ चा कुळकायदा लेखी कागद करायला मालकाला घाबरवतो; कूळ लागेल ही धास्ती तीन पिढ्यांनंतरही गेलेली नाही. परिणाम असा की पऱ्हे टाकणारा, रोवणी करणारा, खत-औषधाची उधारी डोक्यावर घेणारा एक आणि पीएम किसान, नमो, बोनस घेणारा दुसरा. केंद्रावर धान घालायचे तर तेही मालकाच्या सातबाऱ्यावर. चुकारा मालकाच्या खात्यात येतो आणि तिथून ठेकेदाराला हातोहात. क्विंटलच्या बोनसमध्ये धान ठेकेदाराचे असल्याने त्याला भांडून वाटा मागता येत होता. हेक्टरच्या बोनसमध्ये जमिनीचाच पैसा म्हटल्यावर ते भांडणही संपले. नव्या मापाने ज्यांना गमवायला लावले त्यांत हाही आहे, आणि त्याची बाजू अधिवेशनात फारशी ऐकू येत नाही. ओडिशाने डिसेंबर २०१८ च्या कालिया योजनेत बटईदार आणि भूमिहीन शेतमजुरांना वेगळी रक्कम ठेवली होती. महाराष्ट्रात त्या वाटेवर पाऊल पडलेले नाही.

वनहक्काची जमीन हा दुसरा गट. २००६ च्या कायद्याने देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी भागात गोंड, हलबा आणि इतर कुटुंबांना वैयक्तिक पट्टे मिळाले. पीएम किसानच्या नियमांत ते पात्र आहेत. पण पट्ट्याची जमीन वनजमीनच राहते, तिची नोंद नेहमीच्या सातबाऱ्यासारखी नसते, आणि पोर्टल मागते गट क्रमांक. जमीन कसण्याचा हक्क कायद्याने दिला, तो संगणकाला दाखवायची वाट मात्र प्रत्येक योजनेत नव्याने शोधावी लागते.

खात्यावर न दिसणाऱ्या अनुदानांचा वाटाही मोठा आहे, ती फक्त मोजली जात नाहीत. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्या खर्चाचा बराच मोठा भाग केंद्र थेट कंपनीला देते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा योजनेत वीज फुकट आहे. तिचा लाभ उन्हाळी धान लावणाऱ्याला, कोरडवाहूला काही नाही. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचे व्याज वेळेत फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलतीमुळे शून्यावर येते. महाडीबीटीवरच्या ट्रॅक्टरला महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पभूधारकांसाठी सव्वा लाखापर्यंत अनुदान आहे, पण आधी पूर्ण पैसे भरून यंत्र घ्यायचे आणि मग परतावा. हातात रोख नसलेल्याला ही योजना कर्जाशिवाय घेता येत नाही. आदिवासी शेतकऱ्यांच्या विहिरींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आणि अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. विहिरीसाठी किमान एक एकर जमिनीची अट तिथेही आहेच.

नुकसानभरपाई हा वेगळा मार्ग. ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान झाले की आपत्ती निधीतून कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये दोन हेक्टरपर्यंत, हा केंद्राचा दर. राज्याने २०२२ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२४ च्या निर्णयाने तो १३,६०० करून मर्यादा तीन हेक्टरवर नेली; मे २०२५ मध्ये ती वाढ मागे घेतली. खरीप २०२३ ला सुरू झालेला एक रुपयातला पीक विमाही २०२५ च्या खरिपाला बंद झाला. भरपाई पंचनाम्यावर ठरते. पंचनामा महसूल, कृषी आणि ग्रामविकास विभागांच्या माणसांनी मिळून शेतात जाऊन करायचा असतो, आणि परतीच्या पावसात ते तिघे एका गावात एकाच दिवशी येणे ही सोपी गोष्ट नाही.

या सगळ्या याद्या एकत्र आणण्यासाठी ॲग्रिस्टॅक योजनेखाली शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याने कृषी योजनांसाठी तो सक्तीचा केला. आधारशी शेतकऱ्याचे सगळे गट जोडून एकच क्रमांक तयार होतो. त्यामुळे एकाच जमिनीवर दोघांनी लाभ घेणे, मृताच्या नावाने हप्ते चालू राहणे यांना आळा बसू शकतो. हा क्रमांक मिळतो तो ज्याचे नाव अधिकार अभिलेखात आहे त्याला. ज्यांच्या वारस नोंदी झाल्या नाहीत त्यांना आधी फेरफार करून घ्यावा लागतो, आणि नोंदणीच्या निमित्ताने गावोगाव तसे अर्ज वाढलेही. सामाईक खात्यात प्रत्येक सहधारकाला वेगळा क्रमांक मिळतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे सातबाऱ्यावर असतील तर त्यांनाही. ठेक्याने करणाऱ्यासाठी त्यात रकाना नाही.